सख्ख्या भावानं घर संपवलं, गावानं सत्य लपवलं; नारुतोमधला सासुके नेमका चुकला कुठं?

इन्स्टाग्राम उघडलं की दर चार-पाच रील्समागं एक तरी लाल डोळा दिसतो. काळे केस, पाठीवर लाल-पांढऱ्या पंख्याचं चिन्ह, मागं स्लो केलेलं संगीत आणि खाली बदल्याबद्दलचं हिंदी वाक्य. मुंबई-पुण्यातच असं नाही, भोकर, किनवट, उदगीरच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसलाही हाच चेहरा असतो. त्याचं नाव सासुके उचिहा.

ज्यांनी 'नारुतो' बघितलंय त्यांच्यात यावरून कायम दोन तट असतात. एक म्हणतो, सासुके गद्दार. दुसरा म्हणतो, त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? आणि ज्यांनी बघितलेलंच नाही त्यांना कळत नाही की एका कार्टूनमधल्या पोरावर एवढी भांडणं का होतात.

तर हा सासुके नक्की कोण, त्याच्याबरोबर काय झालं आणि त्याचा हिशोब अजून का मिटत नाही, ते बघू. पुढं सगळी गोष्ट उलगडणार आहे, त्यामुळं ज्यांना मालिका पहिल्यापासून बघायची आहे त्यांनी आधी ती बघावी.

आधी थोडी पार्श्वभूमी

'नारुतो' ही मासाशी किशिमोतो या जपानी चित्रकार-लेखकाची मंगा, म्हणजे जपानी कॉमिक. 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात ती सप्टेंबर 1999 मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर 2014 मध्ये 700 व्या प्रकरणाला संपली. पुस्तकरूपात तिचे 72 खंड झाले आणि जगभरात 25 कोटींहून जास्त प्रती गेल्या. त्यावरची अॅनिमे मालिका 2002 ते 2017 अशी दोन भागांत चालली. पहिल्या भागाचे 220 एपिसोड, दुसऱ्या 'शिप्पुदेन'चे 500. आपल्याकडं ती 2022 मध्ये सोनी याय चॅनेलवर हिंदीत आली. तोपर्यंत निम्म्या पोरांनी ती मोबाईलवर कुठून कुठून मिळवून पाहून टाकली होती, हा भाग वेगळा.

गोष्टीचा हिरो नारुतो उझुमाकी. कोनोहा नावाच्या निंजांच्या गावातला अनाथ, उनाड पोरगा. त्याच्या अंगात नऊ शेपट्यांचा राक्षसी कोल्हा बंद केलेला आहे, म्हणून गाव त्याला जवळ करत नाही. त्याला गावाचा प्रमुख, म्हणजे होकागे व्हायचंय.

गंमत म्हणजे किशिमोतोच्या मूळ आराखड्यात सासुके नव्हताच. हिरोला तोडीस तोड कुणीतरी हवा, असं संपादकानं सुचवलं आणि मग हा पोरगा जन्माला आला. नावही जुनंच. सारुतोबी सासुके हा जपानी लोककथांतला आणि साधारण शंभर वर्षांपूर्वीच्या स्वस्त गोष्टीच्या पुस्तकांतला लाडका निंजा, त्याच्यावरून ते आलं. 'उचिहा' हे आडनाव 'उचिवा' या शब्दाशी खेळतं. उचिवा म्हणजे हातपंखा. पंख्यानं जाळ फुलतो आणि उचिहा घराण्याची खासियत अग्नीची विद्या, म्हणून पाठीवर पंखा.

म्हणजे संपादकाच्या सांगण्यावरून आलेलं पात्र. पण पुढं पंधरा वर्षं अख्खी गोष्ट त्याच्याच मागं पळत राहिली.

त्या रात्री काय झालं?

उचिहा हे कोनोहातलं सगळ्यात ताकदवान घराणं. गावाचं पोलीस खातं यांच्याच हातात. त्यांच्याकडं 'शारिंगान' नावाचे लाल डोळे. समोरच्याची विद्या बघून उचलायची, त्याला भ्रमात टाकायचं, असली ताकद त्या डोळ्यांत.

सासुके घरातला धाकटा. बाप फुगाकू घराण्याचा प्रमुख आणि पोलीस प्रमुख, आई मिकोतो, आणि पाच वर्षांनी मोठा भाऊ इताची. इताची म्हणजे गावात एकच पीस. वयाच्या तेराव्या वर्षी गुप्त पथकाचा कॅप्टन. बाप त्याचं कौतुक करताना थकत नाही आणि धाकट्याला त्याच्यासारखंच व्हायचंय. सासुके जवळ आला की इताची त्याच्या कपाळावर दोन बोटं टेकवायचा आणि आज नाही, पुन्हा कधीतरी, असं म्हणून निघून जायचा. ही दोन बोटं लक्षात ठेवा.

एका रात्री सात-आठ वर्षांचा सासुके घरी येतो तेव्हा वस्तीत जिकडंतिकडं मुडदे पडलेले. घरात आई-बाप मरून पडलेले आणि समोर इताची उभा. तो भावाला सांगतो की स्वतःची ताकद किती आहे हे तपासायला मी सगळ्यांना मारलं. वर शारिंगानच्या जोरावर ते सगळे खून त्या लेकराला पुन्हा दाखवतो. आणि जाताना म्हणतो, तू मारण्याच्याही लायकीचा नाहीस. माझा द्वेष कर, पळ, जग आणि ताकद आली की ये.

इथून सासुकेच्या आयुष्याला एकच कलम उरतं, इताचीला मारायचं.

आपण मराठी माणसं भाऊबंदकीला नवीन नाही. तहसीलमध्ये बांधाच्या तारखेला दोन सख्खे भाऊ एकमेकांकडं पाठ करून उभे, हे भोकरमध्येच काय, कुठल्याही तालुक्याच्या गावाला दिसतं. पण तिथं भांडण कशाचं आहे हे दोघांनाही माहीत असतं. सासुकेला शेवटपर्यंत हेच माहीत नव्हतं की भांडण कशाचं आहे.

दोन अनाथ, दोन वाटा

पुढं सासुके, नारुतो आणि साकुरा एका टीममध्ये येतात. गुरू काकाशी. नारुतो आणि सासुके दोघंही एकटे, पण नारुतोला आई-बाप आठवतच नाहीत, आणि सासुकेला सगळं आठवतं. नारुतोला कुणी मिळालं की तो चिकटतो. सासुकेला कुणी मिळालं की भीती वाटते, कारण मिळालेलं जातं हे त्यानं पाहिलंय.

तरी तो बदलत होता. सुरुवातीच्याच एका मोहिमेत नारुतोवर आलेल्या सुया तो स्वतःच्या अंगावर घेतो. का घेतल्या ते त्यालाही नीट सांगता येत नाही. टीम म्हणजे त्याला पुन्हा घर वाटायला लागलं होतं.

मग इताची परत येतो, तेही सासुकेसाठी नाही, नारुतोला पकडायला. सासुके वर्षानुवर्षं कमावलेली सगळी विद्या घेऊन त्याच्यावर धावून जातो आणि इताची त्याचं मनगट मोडून त्याला भिंतीला लावतो. पोराच्या डोक्यात एवढंच पक्कं होतं, की मित्र करत बसलो आणि मागं राहिलो.

यानंतरचा एक प्रसंग रील्समध्ये क्वचित दिसतो, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. काकाशी सासुकेला तारांनी झाडाला बांधतो आणि समजावतो, बदल्याचा नाद सोड, त्यातून हातात काही येत नाही. सासुके विचारतो, तुझ्या सगळ्यात जवळच्या माणसाला मी मारलं तर? काकाशी शांतपणे सांगतो की माझे जवळचे सगळे आधीच मेलेत.

काकाशी खोटं बोलत नव्हता. सल्लाही चुकीचा नव्हता. पण तो एकदाच दिला गेला, झाडाला बांधून, आणि त्याच रात्री ओरोचिमारूची माणसं सासुकेपुढं ताकदीचं आमिष घेऊन आली. आई-बापाचे मुडदे पाहिलेल्या पोराशी गावातल्या एकाही मोठ्या माणसानं इतक्या वर्षांत बसून बोलल्याचं मालिकेत फारसं दिसत नाही. शाळेत पहिला येतो ना, मग बरंच चाललंय, असं सगळ्यांनी धरलं. हुशार पोरांच्या बाबतीत हे आपल्याकडंही होतं.

सासुके गाव सोडतो. नारुतो त्याला अडवायला जातो आणि एका धबधब्यापाशी, 'व्हॅली ऑफ दी एंड'ला, दोघांची जीवघेणी लढाई होते. सासुके जिंकतो, नारुतोला न मारता निघून जातो. सुमारे तीन वर्षं तो ओरोचिमारूकडं शिकतो, मग त्या गुरूलाच संपवतो आणि इताचीला गाठतो. लढाईच्या शेवटी इताची अडखळत पुढं येतो, सासुके भिंतीला पाठ लावून थरथरत उभा, आणि इताची काय करतो? त्याच्या कपाळावर दोन बोटं टेकवतो. हसतो आणि मरून पडतो.

आणि मग सत्य कळतं

इथंच ही गोष्ट साध्या सूडकथेतून बाहेर पडते. बराच काळ मदारा उचिहा म्हणून वावरणारा मुखवटेवाला ओबितो सासुकेला सांगतो, तुझ्या भावानं घराणं संपवलं ते गावाच्या हुकमावरून.

झालं असं होतं. नारुतोच्या जन्माच्या रात्री नऊ शेपट्यांच्या कोल्ह्यानं गाव उद्ध्वस्त केलं. शारिंगाननं त्या कोल्ह्याला ताब्यात घेता येतं, म्हणून संशय उचिहांवर गेला. पुरावा काही नव्हता. तरी त्यांची वस्ती गावाच्या कोपऱ्यात हलवली गेली आणि त्यांच्यावर पाळत बसली. त्यात पोलीस खातं त्यांच्याकडं दिलेलं, म्हणजे वरून मान आणि प्रत्यक्षात सत्तेपासून लांब. शिवाय पोलिसाशी गावात कोण मनापासून दोस्ती करतो? ही व्यवस्था दुसऱ्या होकागेनं लावली होती, आणि एखाद्या समाजाला मानाचं पद देऊन बाजूला कसं बसवायचं याचा हा नमुनाच म्हणावा लागेल. लढायांच्या गर्दीत हा भाग पटकन निघून जातो, पण किशिमोतोनं सगळ्यात बारकाईनं लिहिलेल्या गोष्टींपैकी ही एक आहे.

चिडलेले उचिहा बंडाची तयारी करतात. प्रमुख सासुकेचा बाप. इताची घरात राहून गावासाठी हेरगिरी करत असतो. तिसरा होकागे वाटाघाटीचं बघत असतो. शिसुई नावाचा उचिहा रक्त न सांडता बंड थांबवायच्या बेतात असतो, तर दान्झो हा गावचा पुढारी त्याचाच एक डोळा काढून घेतो. हाच दान्झो इताचीपुढं दोन पर्याय ठेवतो. बंड झालं तर तुझ्या भावासकट सगळे मरतील. किंवा तू आत्ताच सगळ्यांना संपव, भाऊ वाचेल.

तेरा वर्षांचं पोरगं दुसरा पर्याय निवडतं. गावाचं नाव खराब होऊ नये म्हणून खुनी म्हणून बाहेर पडतं. धाकट्याच्या हातून मरायचं, म्हणजे तो खुन्याला मारणारा वीर ठरेल आणि सत्य कुणालाच कळणार नाही, असा त्याचा हिशोब.

सत्य कळल्यावर सासुके समुद्रकिनारी उभा राहून रडतो आणि ठरवतो, आता कोनोहाच संपवायचं.

गद्दार की पीडित?

दुसऱ्याही तटाला उत्तर द्यायचं तर त्यानं पुढं काय काय केलं तेही सांगावं लागेल. पाच गावांच्या प्रमुखांच्या परिषदेवर त्यानं हल्ला केला. दान्झोला मारलं, पण मारताना मध्ये सापडलेल्या करिनच्या, म्हणजे स्वतःच्याच साथीदाराच्या छातीतून वार आरपार नेला. साकुरावर हात उचलला. गुन्हेगार दोन-चार पुढारी होते आणि तो सूड घ्यायला निघाला अख्ख्या गावावर, ज्यातल्या बहुतेकांना काहीच माहीत नव्हतं. उचिहा वस्तीतल्या साध्या दुकानदारांना त्यांच्या पुढाऱ्यांच्या पापाची शिक्षा मिळाली होती, आणि हा कोनोहाच्या दुकानदारांना तीच द्यायला निघाला होता.

पण त्याचा मूळ सवाल कुणी खोडू शकलेलं नाही. सरकारनं एक जमात रात्रीतून संपवली, ते दडवलं, आणि त्या शांततेवर गाव सुखानं जगतंय. याचा जाब कुणाला विचारायचा?

इथं मराठी वाचकाला शनिवारवाडा आठवावा. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. संशयाची सुई चुलते रघुनाथरावांवर, आणि तेच गादीवर बसलेले. राज्य टिकवायचं तर गप्प बसा, असं म्हणणारे तेव्हाही असणारच. पण रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं आणि पद सोडून पुण्याबाहेर गेले, असं आपला इतिहास सांगतो. पुढं बारभाईंनी राघोबांना बाजूला सारलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 1909 चं 'भाऊबंदकी' नाटक याच प्रकरणावर आहे. खून झाला तो झालाच, पण भर दरबारात खुनाला खून म्हणणारा एक माणूस निघाला.

कोनोहात रामशास्त्री नव्हता. तिसऱ्या होकागेला सगळं ठाऊक होतं, तो हळहळला आणि गप्प राहिला. डोंगरात कोरलेला त्याचा चेहरा तसाच आहे. कटातले दोन वृद्ध सल्लागार, होमुरा आणि कोहारू, यांना मंगाच्या शेवटपर्यंत शिक्षा होताना दिसत नाही. न्यायाची जागा रिकामी असली की तिथं सूड येऊन बसतो. सासुकेचं तेच झालं.

आणि इताचीचं काय? 2023 मध्ये निकाल लागलेल्या जागतिक लोकप्रियता मतदानात नारुतोचा बाप मिनातो पहिला आणि इताची दुसरा आला. आदर्श मोठा भाऊ म्हणून त्याची स्टेटस फिरतात. त्यागाचं कौतुक समजू शकतं. पण त्यानं आठ वर्षांच्या भावाला आई-बापाचे खून परत परत दाखवले आणि द्वेष कर म्हणून सांगितलं, हे त्या रील्समध्ये नसतं. मजा म्हणजे खुद्द इताचीला हे कळलं होतं. युद्धात मंत्रानं परत उठवला गेल्यावर तो सासुकेसमोर कबूल करतो की सुरुवातीपासून तुला खरं सांगून, तुझ्यावर विश्वास टाकून बोललो असतो तर वेगळं घडलं असतं. चाहते माफ करतात तेवढं इताचीनं स्वतःला केलेलं नाही.

शेवटची लढाई

ही कबुली ऐकून सासुके जुन्या होकागेंना जिवंत करवून घेतो आणि गाव म्हणजे काय, हे त्यांच्याच तोंडून ऐकतो. मग गावाच्या बाजूनं युद्धात उतरतो. सगळ्यांना वाटतं, चला, पोरगं सुधारलं. युद्ध जिंकल्यावर तो जाहीर करतो, आता पाचही होकागे-काझेकागे मंडळींना मी मारणार आणि जगाचा एकमेव शत्रू होणार. सगळ्यांनी माझा द्वेष करावा, म्हणजे आपसात लढणार नाहीत.

अनेकांना हे वेडेपणाचं वाटलं. पण नीट बघितलं तर ही इताचीचीच पद्धत आहे. सगळा द्वेष एकट्यानं अंगावर घ्यायचा आणि बाकीच्यांना शांतता द्यायची. इताचीनं ते एका गावासाठी केलं, सासुकेला अख्ख्या जगासाठी करायचं होतं. भावाकडून तो जे शिकला ते हेच. भावाची कबुली त्यानं ऐकली, पण त्यातून घेतलं काहीच नाही.

मग पुन्हा तोच धबधबा. लढून लढून दोघांचा एकेक हात जातो, सासुकेचा डावा, नारुतोचा उजवा. रक्तात पडल्या पडल्या सासुके विचारतो, माझ्यासाठी एवढं का करतोस? नारुतोचं उत्तर एवढंच की तू मित्र आहेस आणि तुला त्रास झाला की मलाही दुखतं. सासुके हार मानतो.

काहींना हा शेवट भावखाऊ वाटतो आणि त्यात तथ्य आहे. मैत्रीनं सासुके वाचला, पण उचिहांना न्याय मिळाला नाही. गावानं जाहीर माफी मागितली नाही, दडवलेली फाईल उघडली नाही. किशिमोतोनं इतका अवघड प्रश्न मांडला आणि शेवटी दोन मित्रांच्या गळाभेटीत तो विरघळवला. पण दुसरीकडं, सतरा वर्षांच्या त्या पोराला आधी जिवंत ठेवणं गरजेचं होतं, आणि ते काम नारुतोशिवाय कुणी केलं नाही, हेही तितकंच खरं.

सासुकेला माफी मिळते, तीही होकागे झालेल्या काकाशीच्या शब्दावर. गावात राहायचं सोडून तो भटकायला निघतो. निरोप द्यायला आलेल्या साकुराच्या कपाळावर दोन बोटं टेकवतो.

2015 मध्ये किशिमोतोनं एक छोटी पुढची मालिका लिहिली. त्यात सासुके आणि साकुराची मुलगी सारादा बापाला शोधत निघते. बाप वर्षानुवर्षं बाहेर, तिला त्याचा चेहराही नीट आठवत नाही. सापडतो तेव्हा तो तिला ओळखत नाही आणि शत्रू समजून तिच्यावर तलवार उपसतो. शेवटी परत निघताना तोही तिच्या कपाळावर दोन बोटं टेकवतो आणि पुढच्या वेळी, असं म्हणून जातो. सारादाच्या पाठीवर तोच लाल-पांढरा पंखा आहे आणि तिला होकागे व्हायचंय.